अर्धा टँकर आणि भरलेल्या बाल्कन्या

(पुण्यात उंड्रीतल्या एका सोसायटीचा ग्रुप. गुरुवार सकाळ.)

३०२ काकू: आज सहाच्या टँकरने पूर्ण पाणी सोडलेलं नाही. पाइप काढला तेव्हा मागच्या व्हॉल्व्हमधून धार चालूच होती. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवरून गाडी गेली तेव्हा आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं. रिकामा टँकर खडखडतो. रजिस्टरला मात्र १०,००० लिटर लिहून सही झालीये.

२०१: शुभ सकाळ. आजचा दिवस आनंदात जावो.

१०४ काका: रजिस्टरला आपली लिफ्टसुद्धा दर महिन्याला सर्व्हिसिंग होते, काकू.

सेक्रेटरी: पुराव्याशिवाय ग्रुपवर आरोप करू नयेत, ही विनंती. तक्रार असल्यास रविवारी ११ ते १२ ऑफिसला लेखी द्यावी.

३०२ काकू: पुरावा घ्या. खालची टाकी ५ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर. पाणी ५० सेंटिमीटर चढायला पाहिजे. टँकरच्या आधी आणि नंतर काठी घालून मोजलं, वरचा पंप बंद असताना. चढलं ३४. तीन हजार लिटरच्या वर पाणी गेलं कुठे?

५०१: काकू, मलाही दिसलं. बाल्कनीत चहा घेत होतो. वाटलं कमिटीचं कोणीतरी खाली असेलच.

४०३: मलापण. मला वाटलं, दुसऱ्या सोसायटीचं पाणी असेल त्यात, आपल्याला काय कळतंय.

७०२: आमच्या बाजूनेही तीन-चार जण उभे होते.

१०४ काका: म्हणजे बाल्कनी फुल्ल होती. तिकीट लावायला हवं होतं.

सेक्रेटरी: काका, विषयाला धरून.

६०३ ताई: विषयाला धरूनच आहे सर. मी हे कॉलेजात शिकवते, म्हणून राहवत नाही. डार्ली आणि लाताने या दोघांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला होता. माणसाला खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडायचा. एकटा असला की १०० तले ७५ जण उठून सांगायला गेले. पण सोबत दोन माणसं ढिम्म बसवली, जी प्रयोगाचीच होती, की फक्त १० जण उठले. बाकीचे धूर हाताने वारत फॉर्म भरत राहिले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि तो शांत आहे म्हणजे काही नसेल असं धरतो. आज चार बाल्कन्यांनी तेच केलं.

५०१: पण ताई, उलटंही वाचलंय. २०१९ मध्ये काही संशोधकांनी ॲम्स्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधल्या लँकेस्टरच्या रस्त्यांवरची सीसीटीव्ही फुटेज बघितली. २१९ भांडणं. दहातल्या नऊ वेळा कोणीतरी मध्ये पडलंच. आणि बघणारे जास्त तर मदत मिळायची शक्यताही जास्त.

६०३ ताई: बरोबर आहे. पण मारामारी दिसते, शंका राहत नाही. लबाडी अशी कुठे दिसते? व्हॉल्व्ह लवकर बंद केला की उशिरा, कोण सांगणार? आणि चुकून खोटा आरोप केला तर उद्या त्याच लिफ्टमध्ये त्याच माणसांबरोबर उभं राहायचंय. गप्प बसणारा घाबरटच असतो असं नाही, बऱ्याचदा त्याला खात्रीच नसते. काकूंनी काठी घातली ना, तिथे शंका संपली. बाकी सगळ्यांकडे फक्त ‘वाटलं’ होतं.

४०४: आम्ही भाडेकरू, म्हणून कधी लिहीत नाही. मागे पार्किंगचं लिहिलं होतं तर तासाभरात घरमालकाचा फोन. ‘तुमच्या मिसेसना ग्रुपवर जरा सांभाळून लिहायला सांगा.’ मी बोलले की ॲग्रीमेंटची वेळ येते, मालक बोलले की ती सूचना होते.

१०४ काका: हे खरंय. बाई, तुम्ही लिहीत जा. फोन आला तर मला सांगा, उत्तर मी देतो.

७०२: सगळे मिळून टँकरवाल्याला फैलावर घेऊ.

१०४ काका: फैलावर घेणं सोपं नाही हो. तळेगावचे सतीश शेट्टी आठवतात का? माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी सकाळीच त्यांची हत्या झाली. इथून तळेगाव लांब नाही. टँकरवाला तसा आहे असं मी म्हणत नाही, पण माणूस गप्प बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात हेही असतं. उगाच सगळ्यांना भित्रे म्हणू नका.

५०१: आणि टँकर बंद केला तर? २०१७ ला उंड्री महापालिकेत आली, पाणी अजून विकतचंच.

६०३ ताई: मला एका गोष्टीचं जास्त वाटतं. सही कोणी केली?

३०२ काकू: वॉचमनने. तो शेजारीच उभा होता. मी विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, मी बोललो तर एजन्सी मला दुसऱ्या साइटला टाकते.’ त्याच्या बोटावर पेनाची शाई होती. ड्रायव्हरने वही त्याच्या हातात दिली आणि आकडा स्वतःच लिहिला.

१०४ काका: सगळ्यात जास्त ज्याला माहीत आहे, तो या ग्रुपवरच नाही.

सेक्रेटरी: वॉचमनवर कारवाईचा मुद्दा कमिटीपुढे ठेवतो.

३०२ काकू: नाही. सेक्रेटरीसाहेब, सगळ्यात कमी पगाराचा माणूस पुढे करून मोकळे होऊ नका. त्याला सही करायला लावणारी व्यवस्था आपली आहे.

७०२: (मेसेज डिलीट केला)

६०३ ताई: एक शेवटचं, मग मी जाते, लेक्चर आहे. १९७५ मध्ये मोरियार्टी नावाच्या संशोधकाने न्यूयॉर्कजवळच्या बीचवर एक प्रयोग केला. माणूस रेडिओ ठेवून जायचा आणि दुसरा येऊन तो उचलून न्यायचा. शेजारच्याशी आधी नुसतं किरकोळ बोलणं झालं असेल तर २० पैकी ४ जणांनीच चोराला अडवलं. पण ‘माझ्या सामानाकडे जरा लक्ष ठेवा’ एवढं सांगून गेला असेल तर २० पैकी १९ जणांनी. बीच तोच, लोकही तसेच. फक्त काम कोणाचं ते ठरलेलं होतं.

५०१: म्हणजे आपण कोणालाच सांगितलं नव्हतं. मग सगळ्यांनी बघितलं आणि कोणीच बघितलं नाही.

३०२ काकू: तर आता सांगूया. टँकर आला की त्या दिवशीच्या मजल्याने काठी घालायची, आकडा वहीत लिहायचा. सही वॉचमनची नाही, त्या घराची. रोज एका मजल्याची पाळी.

४०३: आमच्याकडे लहान बाळ आहे, सहाला नाही जमणार.

१०४ काका: मी साडेपाचला उठतोच. पण एकटा नाही उभा राहणार. ५०१, तुम्ही चहा खाली घेऊन या.

५०१: येतो काका.

४०४: आम्ही भाडेकरू पाळीत चालू का?

३०२ काकू: मेंटेनन्स कोणाच्या खिशातून जातो, तेवढं बघा. तुम्ही मंगळवारी.

सेक्रेटरी: बरं. या महिन्याचं टँकरचं बिल मी थांबवून ठेवतो.

३०२ काकू: थांबवू नका, पाणीच बंद करेल. आजच्या टँकरचे ६,८०० लिटरचे पैसे द्या. दर तोच. वहीची झेरॉक्स बिलाला जोडा आणि खाली माझी सही घ्या.

सेक्रेटरी: वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, चावी दहा वाजता येईल.

३०२ काकू: ठीक आहे, मी दहाला येते.