शेत एका पॅरिशमध्ये, नोंद दुसऱ्या चर्चमध्ये

इंग्लंडमधल्या एखाद्या शेतावर राहणारं पूर्वजांचं कुटुंब शोधताना ते सर्वांत जवळच्या चर्चच्या नोंदवहीत सापडत नाही, असं होऊ शकतं. अंतर मोजू नका, आधी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागाची, हद्द पाहा. बांधावरून दिसणारं चर्च शेजारच्या पॅरिशचंही असू शकतं.

हद्दीसाठी उत्तम साधन म्हणजे १८३६च्या कायद्यानंतर बनलेले टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांश-कराचे नकाशे. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि सोबतच्या तक्त्यात त्यापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र. नाव कसणाऱ्याच्या रकान्यात शोधा; अशी कुटुंबं बहुधा कुळं असायची. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये असतं: ४० पर्चचा रूड, ४ रूडचा एकर. हे आकडे दशांश अपूर्णांक समजून बेरीज केली की हिशेब हमखास चुकतो. जिथे एन्क्लोजरच्या, म्हणजे सामाईक जमिनी वाटून कुंपणबंद करण्याच्या, वेळीच दशमांश-कर मिटवला गेला, तिथे नकाशा नसतो किंवा काही भागापुरताच असतो. मग एन्क्लोजरचा निवाडा, म्हणजे त्या वाटपाचा दस्तऐवज, पाहावा.

बाप्तिस्म्याच्या नोंदी १८१३पासून छापील नमुन्यात आहेत. त्यात राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचा धंदा मिळतो, म्हणून तिथून मागे जा. लग्न मात्र बरेचदा वधूच्या पॅरिशमध्ये. वही खराब असेल तर बिशपकडे पाठवलेली वार्षिक प्रत मागवा.