विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून चालतं मशीन भंगारात का काढायचं?

कऱ्हाडचा_कारागीर

माझं कऱ्हाडात कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची मोफत अपडेट, थांबवला. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की एकच प्रश्न: "हे आता बदलावंच लागणार का हो?" नवीन मशीन विकण्यात माझा फायदा जास्त आहे. तरी मी "नाही" म्हणतो. का म्हणतो ते मांडतोय, ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त विरोधात लिहा.

परवा एका सेवा केंद्रातला डेस्कटॉप आला होता. प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा आय ५, ७४००. आठ जीबी रॅम, मागेच एसएसडी टाकून दिलेली. फॅनवर धुळीचा थर, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापुद्रे सुटलेले. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, मशीन पुन्हा गार आणि गुपचूप चालायला लागलं. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरलो. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, टीपीएम २.०, बोर्डात होतीच, कंपनीकडून बंद आली होती, एवढंच. ती चालू केली, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू केलं आणि मायक्रोसॉफ्टचंच तपासणीचं अ‍ॅप चालवलं. रॅम हिरवी, स्टोरेज हिरवं, टीपीएम हिरवं, सिक्युअर बूट हिरवं. प्रोसेसरसमोर लाल फुली.

म्हणजे मशीनमध्ये खोट कुठेच नाही. आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, म्हणून ते बाद. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. आपल्याकडे सातव्या पिढीचा माल २०१८ मध्येही राजरोस विकला जात होता. जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची घोषणा झाली, तेव्हा त्यातली कित्येक मशीन जेमतेम तीन वर्षांची होती.

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एक महागडा कॉम्प्युटर आहे, सरफेस स्टुडिओ २. त्यात इंटेलचा ७८२०एचक्यू, म्हणजे सातवीच पिढी. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने यादी वाढवली आणि महागड्या एक्स मालिकेतल्या आणि वर्कस्टेशनच्या काही प्रोसेसरांबरोबर सातव्या पिढीतला नेमका हा प्रोसेसर आत घेतला. बाकीचे बाहेरच राहिले. स्वतःच्या मालाला सवलत मिळते, मग सेवा केंद्रातल्या ७४०० ने काय घोडं मारलंय?

माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन विंडोज द्यायची की नाही, हा कंपनीचा प्रश्न. पण सुरक्षेचे पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारे अपडेट, ही वेगळी गोष्ट आहे. ते किती वर्षं मिळणार याची तारीख विकताना खोक्यावर छापली पाहिजे आणि मशीन धडधाकट असेपर्यंत रास्त दरात का होईना, पण पॅच मिळाले पाहिजेत. खोक्यावर एमआरपी छापायला लावता येते, तशी ही तारीखही छापायला लावता येईल.

रेवती_पुणे

विरोधात लिहिते. मी माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते आणि असे धागे वाचले की काळजी वाटते, कारण लोक यातून "काही होत नाही, चालू द्या" एवढंच उचलतात.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. दहा वर्षं दर महिन्याला पॅच मिळाले, वेगळे पैसे न घेता. कोणता अँड्रॉइड फोन दहा वर्षं अपडेट देतो?

प्रोसेसरची अट हवेतून आलेली नाही. विंडोज ११ मध्ये कर्नलचा (विंडोजच्या गाभ्याचा) महत्त्वाचा भाग वेगळ्या कप्प्यात ठेवून तपासला जातो, म्हणजे खोटा ड्रायव्हर आत घुसू शकत नाही. हे वेगाने व्हायला प्रोसेसरमध्येच तशी सोय लागते. जुन्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि मशीन रखडतं. मशीन रखडलं की लोक ती सुरक्षा बंद करतात. एक रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

आणि जुन्या विंडोज एक्सपीचा इतिहास विसरू नका. सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी लोक चिकटून बसले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा विषाणू आला आणि ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या.

कऱ्हाडचा_कारागीर

रेवतीताई, मुद्देसूद लिहिलंत, आभार. पण दोन गोष्टी.

तुम्ही म्हणता ती सोय प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपासूनच आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या तांत्रिक कागदपत्रांत कॅबी लेक आणि त्यापुढचे असं लिहिलंय. कॅबी लेक म्हणजेच सातवी पिढी. मग रेघ आठवीवर का?

दुसरं, वॉनाक्रायची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ज्या भोकातून तो शिरला, त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये काढला होता. ज्यांना लागण झाली त्यांत सगळ्यात जास्त मशीन विंडोज ७ ची होती आणि विंडोज ७ चा सपोर्ट तेव्हा चालू होता. लोकांनी पॅच टाकले नाहीत म्हणून ते झालं. आणि आग लागल्यावर कंपनीने बंद पडलेल्या एक्सपीलाही पॅच दिलाच की! म्हणजे देता येतो.

जळगावचा_जमाखर्च

तुमचं तात्त्विक चालू द्या, मी व्यवहाराचं सांगतो. आमच्या ऑफिसात टॅली आहे, डिजिटल सहीची टोकन आहेत, रिटर्न भरायची युटिलिटी आहे. विंडोजशिवाय आमचं पान हलत नाही. एका वर्षाची वाढीव सुरक्षा योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घरगुती मशीनला तीन रस्ते: सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवला तर फुकट, रिवॉर्डचे १००० पॉइंट असतील तर तेही चालतात, नाहीतर ३० डॉलर. अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतंच.

पण ज्या ऑफिसात मशीन डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला, जोडलेली असतात, त्यांना ही योजना मिळत नाही. त्यांना धंद्याचा दर: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षांची बेरीज मारा. तेवढ्यात चांगलं वापरलेलं आठव्या-नवव्या पिढीचं मशीन येतं. आमच्या साहेबांनी तेच केलं आणि मला ते पटलं. मशीनवर प्रेम करून धंदा होत नाही.

कोकणी_मास्तर

विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाका आणि मोकळे व्हा! शाळेतल्या जुन्या मशीनवर मी तेच टाकलंय. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आहे, ब्राउझर तोच. पोरांना फरकही जाणवत नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, त्यांच्या काईट संस्थेने उबुंटू या लिनक्सवरून स्वतःची आवृत्ती तयार केलीय. लिनक्ससाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडीई मंडळींनीही याच वेळी विंडोज १० वाल्यांसाठी मोहीम काढली होती. आपल्याकडे सीडॅक या सरकारी संस्थेने बॉस लिनक्स बनवलं, पण ते शाळांपर्यंत कोण नेणार?

सांगलीचा_छापखाना

मास्तर, तुमच्या शाळेला जमलं, आनंद आहे. आमच्याकडे या आणि बघा. लग्नपत्रिका, बिलबुकं, साखर कारखान्याचे अहवाल, सगळं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये. जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, नाहीत. फाँट नसला की पत्रिकेतल्या "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसते इंग्रजी खुणांचे ढीग दिसतात. कन्व्हर्टर वापरला तर रफार आणि जोडाक्षरं हलतात, आणि पत्रिकेत आजोबांच्या नावाची एक वेलांटी चुकली तर अख्खा गठ्ठा परत येतो. मी लिनक्सवर जाऊ शकत नाही, हा हट्ट नाही, पोटाचा प्रश्न आहे.

जुनं मशीन मी नेटपासून तोडून ठेवलंय. वायफायचं कार्डच काढून टाकलंय. नेटचं काम दुसऱ्या मशीनवर.

रेवती_पुणे

@सांगलीचा_छापखाना, तुमच्या परिस्थितीत हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त दोन मशीनमध्ये फिरणारा पेन ड्राइव्ह आधी नेटवाल्या मशीनवर स्कॅन होऊ दे आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह थेट जुन्या मशीनला कधीच लावू नका.

@कऱ्हाडचा_कारागीर, कॅबी लेकचं म्हणणं मान्य. आठवीवरच्या रेघेचं समर्थन मलाही करता येत नाही. पण मूळ मुद्द्यावर मी हटणार नाही, कारण तुमच्या गिऱ्हाइकांना जे कळत नाही ते असं आहे. विंडोज १० आणि ११ च्या आतला बराच कोड एकच आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ चे पॅच निघतात. ते निघाले की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतात, नेमकं काय दुरुस्त केलंय. तेच भोक १० मध्ये उघडं असेल तर पत्ता त्यांना आयता मिळतो. म्हणून सपोर्ट संपलेलं मशीन दर महिन्याला आदल्या महिन्यापेक्षा धोक्याचं होत जातं. डिफेंडर या विंडोजच्याच अँटीव्हायरसच्या विषाणूंच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, ते दिसतं आणि लोक निर्धास्त होतात. ती यादी कर्नलचं भोक बुजवत नाही.

आणि "रास्त दरात पॅच द्या" म्हणणं सोपं आहे. प्रत्येक पॅच हजारो प्रकारच्या बोर्डांवर, ड्रायव्हरवर तपासावा लागतो. एक चुकला तर लाखो मशीन निळ्या पडद्यावर अडकतात. ते काम कायमचं कोण करणार?

नवं_घ्या_ना

२०१७ चं मशीन आहे हो. फोन दर तीन वर्षांनी बदलता, तेव्हा कोणी धागा काढत नाही. नवीन लॅपटॉप वीज कमी खातो, बॅटरीवर दिवस काढतो.

कऱ्हाडचा_कारागीर

@नवं_घ्या_ना, रॅमचे भाव बघितलेत का सध्या? एआयच्या डेटा सेंटरनी चिप उचलल्यात. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने रॅम-एसएसडीच्या क्रुशल ब्रँडचा किरकोळ धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मी गिऱ्हाइकाला दिलेलं कोटेशन आठवडाभरही टिकत नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला "नवं घ्या ना" म्हणणं तुम्हाला सोपं वाटतं, त्याला ते कर्ज असतं.

श्टुटगार्टहून_मिलिंद

इकडचा अनुभव सांगतो. युरोपातही आधी तीच अट होती: बॅकअप चालू करा नाहीतर पैसे द्या. ग्राहक संघटनांनी, मुख्यतः युरोकन्झ्युमर्सने, आक्षेप घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ती अट काढली. मला ते वर्ष फुकट मिळालं, फक्त ६० दिवसांत एकदा तरी खात्यात लॉगिन करावं लागतं.

कंपनी तीच, सॉफ्टवेअर तेच. फरक पडला तो कुणीतरी कायद्याचं पुस्तक उघडून समोर बसलं म्हणून. इथला सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होतोय. त्यात उत्पादकाने सुरक्षेची जबाबदारी साधारण किमान पाच वर्षं घ्यायची आणि ती कधी संपणार ते विकतानाच सांगायचं आहे. कारागीरदादांची खोक्यावरच्या तारखेची मागणी इथे कायद्यात आलीय. पाच वर्षं मला कमीच वाटतात, पण निदान घेणाऱ्याला आधी कळेल.

रेवती_पुणे

तारीख छापायच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. "मशीन चालेपर्यंत पॅच" याला नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. ते सेवा केंद्रातलं मशीन. त्यावर लोकांचे आधार, उतारे, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाचे फोटो असणार. मालक म्हणेल माझं मशीन, माझा धोका. पण धोका त्याच्या दारात रांग लावणाऱ्या लोकांचाही आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यावर अट चुकवून विंडोज ११ टाकून दिलंत का?

कऱ्हाडचा_कारागीर

नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी ते करत नाही. रूफस नावाच्या टूलने अट चुकवून ११ चढतं, पण मोठे अपडेट आपोआप येत नाहीत, दरवेळी हाताने चढवावे लागतात. सेवा केंद्र चालवणाऱ्या बाईंना ते जमणार नाही आणि मी दरवेळी जाऊ शकणार नाही.

रांगेतल्या लोकांचं म्हणालात ते मला लागलं, कारण ते बरोबर आहे. त्या मशीनवर मी वाढीव योजनेत नोंदणी केली. रोजच्या कामाला अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं खातं करून दिलं. डाउनलोडमध्ये साचलेले आधारचे स्कॅन त्यांच्यासमोर बसून काढायला लावले आणि काम झालं की त्याच दिवशी पुसायचं, असं ठरवून आलो. बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र विंडोजवरच चालतं, म्हणून मिंटचा विचार करता आला नाही. बिलाच्या मागे १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख लिहून दिलीय. त्यानंतर हे मशीन नेटवर ठेवायचं नाही, हे त्यांनी कबूल केलंय. मीही केलंय.

आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. मोबाईल-टॅबलेट दुरुस्तीला किती सोपे आहेत याचे गुण खोक्यावर द्यायचे आणि त्यात सॉफ्टवेअर अपडेटही धरायचे, असं त्यात आहे. लॅपटॉप-डेस्कटॉपही त्यात घ्या आणि पॅचची शेवटची तारीख छापा, असं पत्र मी विभागाला लिहितोय. रेवतीताई, तांत्रिक भाग तुम्ही तपासून द्याल का?

रेवती_पुणे

देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मसुद्यात "मशीन चालेपर्यंत" असेल तर मी खोडणार, आत्ताच सांगते.

सांगलीचा_छापखाना

मराठी पत्राची छपाई माझ्याकडे. युनिकोडमध्ये पाठवा.