कोडमध्ये ०.१ लिहिलं तर ०.१ च मिळायला हवं

अपूर्णांक:
पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, कुठेही ०.१ + ०.२ करा, उत्तर ०.३०००००००००००००००४. कारण माहितीये, ०.१ बायनरीत (० आणि १ च्या पद्धतीत) आवर्ती होतो, म्हणजे त्याचे अंक संपतच नाहीत, आणि डबलमध्ये (दशांश संख्यांच्या ६४ बिटांच्या प्रकारात) ५३ च बिटांची अचूकता मावते, बाकीचं राउंड. पण माझी तक्रार हार्डवेअरबद्दल नाहीये, भाषेबद्दल आहे. मी ०.१ टाइप केलं तर भाषेने परस्पर दुसरीच संख्या का धरावी? राकू या भाषेत ०.१ म्हणजे १/१० असाच साठवतात, तिथे ०.१ + ०.२ == ०.३ (दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ही तपासणी) खरं येतं. डिफॉल्ट असाच हवा, ज्याला फ्लोट (डबलसारखी बायनरीत राउंड केलेली संख्या) पाहिजे त्याने तसं लिहावं.

बिटवाला:
अजिबात पटत नाही. अपूर्णांकांची बेरीज करत गेलं की छेद फुगत जातो, लूपमध्ये एकेक बेरीज महाग पडते. राकूतसुद्धा छेद ६४ बिटांच्या बाहेर गेला की निकाल आपोआप फ्लोट होतो, मग अचूकता कुठे संपली ते कळणार कसं? आणि २ चं वर्गमूळ कुठल्या अपूर्णांकात बसवणार? आयईईई ७५४ हे फ्लोटच्या गणिताचं १९८५ पासूनचं स्टँडर्ड आहे, प्रोसेसर ते थेट करतो, नियम ठरलेले आहेत. ते शिका आणि फ्लोटची तुलना == ने करू नका, एवढंच.

पूर्णांक_आधी:
दोघेही दशांशातच अडकलात, पूर्णांकांचं जास्त वाईट आहे. जावात इंट (पूर्णांकाचा प्रकार) २१४७४८३६४७ या कमाल मर्यादेवर असताना १ मिळवा, थेट ऋण संख्या, एरर वगैरे काही नाही! जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये (तिथे पूर्णांकही डबलमध्येच राहतात) ९००७१९९२५४७४०९९२ + १ केलं तर तीच संख्या परत येते, म्हणून मोठे आयडी स्ट्रिंग करून पाठवावे लागतात. बिगइंट (हवा तेवढा मोठा पूर्णांक) जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये यायला २०२० उजाडलं. पायथनचा इंट हवा तेवढा वाढतो, ते बरोबर आहे. १९९६ चं एरियन ५ रॉकेट आठवा, ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात बसला नाही आणि ते नष्ट झालं.

बिटवाला:
एरियनमध्ये एरर आली होती, ती हाताळलीच नव्हती. अनलिमिटेड इंटने तो प्रश्न सुटला नसता.

अपूर्णांक:
सिम्युलेशनवाल्याला वेगासाठी फ्लोट लागतो हे मान्य, पण त्याला तो मागता येतो की. नवशिक्याला आपण काय वापरतोय हेच माहीत नसतं, त्याच्या हातात डिफॉल्ट पडतो. आणि राकूच्या छेदाचा मुद्दा खरा आहे, तिथे मला फ्लोट नकोच, सरळ एरर हवी.