मदत हवी आहे: जुना कॅमेरा विकायचाय, पण "फायनल किती?"वाल्यांनी जीव नकोसा केलाय

नमस्कार मंडळी,

माझा डीएसएलआर आणि दोन लेन्स (सोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५० एमएम) ऑनलाइन विकायला काढल्यात. सहा वर्षं जपून वापरलाय. शटर काउंट (आजवर काढलेले फोटो) १८ हजारांच्या आत, बॉक्स, चार्जर, पट्टा सगळं जागेवर. जाहिरातीत हे सगळं लिहिलंय, किंमत लिहिलीय, नऊ फोटो टाकलेत. बारा दिवसांत ४७ जणांचे मेसेज आले आणि कॅमेरा अजून माझ्याच कपाटात आहे.

निम्म्याहून जास्त लोक "आहे का?" विचारतात. "हो, आहे" म्हटलं की गायब. उरलेल्यांचा पहिलाच प्रश्न "फायनल किती?" अहो, अजून सुरुवात तरी कुठे झालीय! कालचा एक संवाद जसाच्या तसा देतो:

– फायनल किती?
– किंमत लिहिलीय. थोडंफार बघू, आधी कॅमेरा तर बघा.
– निम्म्यात देता का? आत्ता येतो.
– नाही जमणार.
– मोबाइल याच्यापेक्षा भारी फोटो काढतो.
– मग मोबाइलवरच काढा ना.
– चिडू नका दादा. निम्म्यात, प्लस बॅग?

बॅग विकायला नाहीच आहे! ती एका फोटोच्या कोपऱ्यात दिसतेय, एवढंच.

आणखी एक गृहस्थ नऊ दिवस रोज सकाळी सहाला "सुप्रभात, काय ठरलं?" असा मेसेज टाकतात. ठरवायचंय त्यांनी, विचारतात मला. आणि एकाने "रविवारी नक्की येतो, कुणाला देऊ नका" म्हणून सांगितलं. मी भोळा, दोघांना नाही म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत वाट बघत बसलो. साहेबांनी फोनही उचलला नाही.

प्रत्येकाला उत्तर द्यायलाच हवं का? लोक पाडून मागणारच म्हणून किंमत आधीच चढवून टाकावी का? आणि सुप्रभातवाल्यांचं काय करू?

खडूस_विक्रेता:
पहिली चूक म्हणजे "हो, आहे" एवढंच उत्तर. यापुढे लिहा, "आहे. बघायला कधी येताय?" टाइमपासवाले इथेच गळतात. "फायनल किती?"ला एकच ठरलेलं वाक्य: "किमतीचं वस्तू बघितल्यावर बोलू." हे वाक्य फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. रोज नव्याने टाइप केलं की रोज नव्याने चिडचिड होते.

किंमत फार चढवू नका. लोक बजेट टाकून शोधतात, तुमची जाहिरात त्यांना दिसणारच नाही. दहा टक्के घासाघिशीला ठेवा, बस. मात्र कितीच्या खाली द्यायचं नाही तो आकडा आजच कागदावर लिहून ठेवा. समोर माणूस नोटा मोजत उभा राहिला की आपला आकडा आपोआप घसरतो, स्वानुभव आहे.

आणि "माझ्यासाठी ठेवा" म्हणणाऱ्याला सांगायचं, जो आधी येऊन पैसे देईल त्याचा.

काठावरचा:
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. तुमची किंमतच जास्त नाहीये ना? कानेमन, नेच आणि थेलर यांचा १९९० सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि कितीला विकाल ते विचारलं, बाकीच्यांना कितीला घ्याल ते विचारलं. ज्यांना मग मिळाले होते, त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. मग हातात येऊन फार वेळही झाला नव्हता. तुमचा कॅमेरा तर सहा वर्षांचा सोबती.

धागाकर्ता:
म्हणजे ४७ जण शहाणे आणि मी एकटा वेडा? शटर साधारण लाखभर क्लिक चालतं असं धरतात. माझं पाचवा हिस्साही वापरलेलं नाही!

काठावरचा:
शटर उत्तमच आहे हो. पण कंपन्या आता बहुतेक सगळं नवं मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेले कॅमेरे) काढतायत, डीएसएलआरला गिऱ्हाईक कमी झालंय. निम्म्यात मागणारे सोडून द्या. मधले आकडे कुणी सांगितलेत का, तेवढं चाळून बघा. एकमेकांना न ओळखणारी चार माणसं एकाच आकड्याच्या आसपास येत असतील तर बाजारभाव तो.

जपून_रहा:
पाडून मागणारे डोकं खातात, पण खिशाला हात घालत नाहीत. अजिबात घासाघीस न करणाऱ्याला जास्त जपा. "किंमत मान्य, बघायची गरज नाही, माझा माणूस येऊन घेऊन जाईल" हा मेसेज आला की सावध व्हायचं. मग पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट येतो. किंवा "चुकून जास्त गेले, वरचे परत करा". किंवा "तुम्ही खरे आहात का बघायला कोड पाठवलाय, तो सांगा". कोड कुणालाही सांगायचा नाही. पैसे आले की नाही ते स्वतःच्या खात्यात जाऊन बघायचं, आलेल्या एसएमएसवर विसंबायचं नाही.

अजून एक. कुणी मूळ फोटो मागितले तर थेट फाइल देऊ नका. फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही त्या फाइलमध्ये असू शकतं. भेट घरी नको, वर्दळीच्या जागी ठेवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून ४७ मेसेज पुन्हा वाचले. काठावरचा, तुमचं ऐकून आधी राग आला होता, पण पाच जणांनी माझ्या किमतीच्या तीन चतुर्थांशाच्या आसपासचा आकडा सांगितलाय. "निम्म्यात देता का"च्या गर्दीत मी त्यांनाही "नाही जमणार" म्हणून मोकळा झालो होतो. आता त्यांना मेसेज टाकतोय. सुप्रभातवाल्यांनाही आज "बघायला कधी येताय?" विचारलं.

धागाकर्ता (चार दिवसांनी):
विकला! त्या पाचांतल्या दोघांनी उत्तर दिलं, एक मुलगी खरंच आली. बरोबर टॉर्च आणली होती, दोन्ही लेन्समध्ये बुरशी आहे का ते नीट बघितलं, शटर काउंट तपासला, वीसेक फोटो काढले. कागदावरच्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच मिळाले. सुप्रभात त्या दिवसापासून बंद आहे.

जाताना तिने विचारलं, "ती फोटोतली बॅग?"

दिली.