अनुदान संपल्यावर मुक्तस्रोत प्रणाली कशी टिकवावी?

ग्रंथपाल, धरमपेठ: आमच्या वाचनालयाची देवघेवीची मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेली) प्रणाली ज्या अनुदानातून तयार झाली, ते मार्चमध्ये संपले, सर्व्हरचे भाडे वर्गणीतून भरतो, पण जोडाक्षरे असलेली नावे शोधात सापडेनाशी झाली आहेत आणि दुरुस्त करणारे कोणी उरलेले नाही. काय करावे?

वाचक, सीताबर्डी: 'कोहा' ही ग्रंथालयांसाठीची मुक्तस्रोत प्रणाली पाहावी. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी ती १९९९ मध्ये लिहिली गेली. आज अनेक देशांतील ग्रंथालये, सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आणि स्वयंसेवक मिळून ती सांभाळतात.

प्रोग्रामर, महाल: सर्व्हरआधी माणसाचे मानधन धरावे, असे मला कळकळीने वाटते. इंटरनेटवरील माहितीची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मोजक्या देखभालकर्त्यांकडे मोठ्या कंपन्यांचा निधी वळला, तो २०१४ मध्ये त्यातील 'हार्टब्लीड' हा सुरक्षेचा दोष उघड झाल्यानंतरच.

ग्रंथपाल, धरमपेठ: आभारी आहे. हीच प्रणाली वापरणाऱ्या वाचनालयांना सामायिक मानधनासाठी उद्याच पत्रे लिहिते.