वाळीत टाकणे: गावकीचे स्वातंत्र्य की गुन्हा?

सागरतीर:
आमच्या कोकणातील गावात देवस्थानच्या जमिनीवरून एक कुटुंब न्यायालयात गेले, म्हणून गावकीने त्याला वाळीत टाकले. त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड, असे बैठकीत ठरले. शिमग्याला पालखी त्यांचे घर वगळून पुढे गेली. नंतर त्यांच्याकडील आजी वारल्या, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला परगावचे पाहुणे बोलवावे लागले. मला हा अन्याय वाटतो. परंतु कोणाकडे जावे-यावे हे ज्याचे त्याचे स्वातंत्र्य आहे, हा वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद मला खोडता येत नाही. यात कायदा कसा पडू शकतो?

न्यायार्थी:
दंडाची धमकी आली तिथेच तो युक्तिवाद कोसळतो, कारण ज्या शेजाऱ्याला खांदा द्यायचा होता त्याचेही स्वातंत्र्य गावकीने काढून घेतले. एखाद्याशी तुमचे पटत नाही म्हणून तुम्ही बोलत नाही, ही तुमची निवड झाली. सगळ्या गावाने बोलू नये असे ठरवून ते भीतीच्या जोरावर पाळायला लावणे, ही सत्ता झाली. ३ जुलै २०१७ पासून लागू असलेला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा या सत्तेलाच हात घालतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुने दप्तर:
मुद्दा पटला, तरी वडीलधाऱ्यांची बाजू इतक्या सहज निकालात निघत नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये समाजबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धार्मिक संप्रदायाला आपले धर्मविषयक व्यवहार स्वतः चालवण्याचा जो हक्क राज्यघटनेचा अनुच्छेद २६ देतो त्याचा आधार घेऊन, तो बहुमताने रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र वेगळे होते: बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो, म्हणून असा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ च्या भावनेला धरूनच आहे. मला तेच मत योग्य वाटते. हा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. अर्थात तुमच्या गावात वाद धर्मश्रद्धेचा नसून जमिनीचा आहे, त्यामुळे तो आधार गावकीला मिळणे कठीण दिसते.

सागरतीर:
आभारी आहे. आता पंच म्हणतात की खटला मागे घ्या, प्रकरण आपसात मिटवू.

न्यायार्थी:
ही अट मान्य करू नये, असे त्या कुटुंबाला अवश्य सांगा. न्यायालयात जाण्याचा हक्क सोडणे ही तडजोडीची किंमत असू शकत नाही. या कायद्यात तडजोडीला वाव आहे, पण पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी मिळाली तरच. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. असे ठराव बहुधा तोंडी होतात, म्हणून बैठकीची तारीख, तिथे कोण बोलले आणि कोणाकडून दंड घेतला हे आजच लिहून काढा. त्या बैठकीला तुम्ही हजर असाल, तर तुमची साक्ष त्यांच्या फार उपयोगी पडेल.