अभिनय असो की धंदा, तुम्ही नेमकं कुठे शिकलात? (ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव)

भाच्याला नट व्हायचंय, भाचीला स्वतःचा धंदा करायचाय. दोघं ठाण्यात एकाच घरात राहतात आणि दोघांच्याही हातात क्लासची माहितीपत्रकं आहेत. फीचे आकडे बघून ताईने मला फोन केला. मी एके काळी एकांकिकांची प्रकाशयोजना करायचो आणि आता वागळे इस्टेटमध्ये छोटा छापखाना चालवतो, म्हणून घरच्यांच्या लेखी मी दोन्ही विषयांतला जाणकार! तसा मी नाही, म्हणून इथे विचारतोय. आज तुमच्या पोटापाण्याला येतं ते कौशल्य कोणतं, ते कुठे अंगी लागलं आणि पैसे नक्की कशाचे मिळतात, एवढं लिहा. ‘जिद्द हवी’ वगैरे नको, ते दोघांनाही पाठ आहे.

विंगेतला

कॉलेजच्या एकांकिकेत मला भूमिका मिळाली नाही. लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलल्या, म्युझिक ऑपरेट केलं आणि मग प्रॉम्प्टिंग, म्हणजे नट अडला की विंगेतून हळूच वाक्य पुरवणं. हातात संहिता घेऊन विंगेत बसलं की एक गोष्ट लख्ख दिसते: नट वाक्य विसरतो ते पाठांतर कच्चं म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा त्याने समोरच्याचं ऐकणं सोडलेलं असतं, आपली पाळी कधी येते याचीच वाट बघत असतो. पुढे मला कामं मिळाली ती ‘हा नीट ऐकतो’ या एका कारणावर.

मग मालिकेत आलो आणि सगळं उलटं झालं. घोडबंदर रोडला सेट, १२ तासांची शिफ्ट, सीनची पानं कधी कधी मेकअपच्या खुर्चीत हातात पडतात. एकच सीन आधी मास्टर (सगळे दिसतात), मग क्लोज (फक्त चेहरा), मग सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून) असा पुन्हा पुन्हा घेतात. वाक्यं तीच, आणि चहाचा कप दर वेळी त्याच शब्दाला त्याच हातात हवा. गडकरी नाट्यगृहाच्या बाल्कनीपर्यंत पोचावं म्हणून कमावलेला आवाज इथे मेंदीच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर लावल्यासारखा वाटतो. भुवई तर हलवायचीच नाही. कमी करायला शिकणं हे वाढवायला शिकण्यापेक्षा अवघड, आणि ते मला कुठल्या वर्गात कळलं नाही. स्वतःचे भाग बघून, लाजून लाजून कळलं.

पैशाचं भाच्याला पहिल्याच दिवशी सांगा. मालिकेत मानधन साधारण ९० दिवसांनी हातात येतं, हा रिवाजच आहे. जानेवारीत घाम गाळायचा आणि एप्रिल-मेमध्ये बँकेकडे बघायचं. तीन-चार महिन्यांचं भाडं बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नये असं माझं मत.

तलावपाळी

वरच्याला पुस्ती जोडतो. ऑडिशनला, ‘रजिस्ट्रेशन’ला किंवा पोर्टफोलिओ आमच्याकडूनच काढा म्हणून कोणी पैसे मागितले की फोन ठेवून द्यायचा. खरं काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

आणि हल्ली पहिली फेरी घरूनच असते. मोबाइल आडवा, मागे कोरी भिंत, उजेड तोंडावर. नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, मग सीन. समोरची वाक्यं वाचायला माणूस बरा घ्या. माझ्या बहिणीने खलनायकाची वाक्यं बाजारहाटाची यादी वाचावी तशी वाचली होती, आणि त्या नादात माझा सीनही तसाच झाला.

रबाळे एमआयडीसी

मी फॅब्रिकेशनचं जॉबवर्क करतो. वेल्डिंग येत होतं, हिशेब येत होता; येत नव्हतं ते पैसे मागणं. आपल्याकडे मागायला गेलं की मान आपोआप खाली जाते. एका मोठ्या गिऱ्हाइकाने, नाव नको, बिल इतकं लांबवलं की कामगारांचे पगार मी बायकोच्या एफडीतून केले.

त्यानंतर माहिती काढली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, २०२० च्या जुलैपासून ऑनलाइन आणि फुकट आहे. त्यासाठी एजंटला पैसे देणारे अजून भेटतात. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असा कायदा आहे. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत तो खर्च गिऱ्हाइकाला आयकरात वजा दाखवता येत नाही. आता मी बिलावर उद्यम क्रमांक छापतो, परचेसवाल्याशी गोडच बोलतो, पण मार्च आला की त्यांच्या अकाउंट्सला एक फोन करतो. आवाज चढवायची गरज पडत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडिंगवाल्यांना हे संरक्षण नाही, तेव्हा भाचीने आधी ठरवावं की ती काय करणार आहे.

नेरुळची काकू

फराळ आणि छोट्या ऑर्डरी घेते. चव होतीच हो, चवीने धंदा होत नाही. वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातल्या दाणा बंदरात बेसन आणि मसाला मार्केटमधून वेलची स्वतः आणायला लागले तेव्हा भाव कसा हलतो ते कळलं. दिवाळीच्या तोंडावर घेतलेली वेलची आणि श्रावणात घेतलेली वेलची यांत लाडवाचा नफा उडून जाऊ शकतो. किमतीत गॅस, डबे, रिक्षा आणि माझी मजुरी धरते. शेवटची धरायला सुरुवात केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘घरच्या कामाची कसली गं मजुरी?’ धरली तरीही.

एफएसएसएआयची (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) साधी नोंदणी मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये होते. डब्यावर तो क्रमांक असला की सोसायटीबाहेरचं गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

ऐरोली, रोल-प्लेवाली

मी कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समधून शिकले, म्हणून ‘क्लास फुकट जातात’ या सुराला माझा विरोध आहे. शिस्तीचं प्रशिक्षण शरीराला वळण लावतं: पोटातून श्वास, उभं राहणं, थांबणं. तसं वळण मला एकटीला घरी लावता आलं नसतं. फक्त पंधरा दिवसांत ‘कॅमेरा फेस’ करायला शिकवणाऱ्या जागा आणि हे, यांत गल्लत करू नका.

अभिनयावर मात्र माझं घर चाललं नाही. सध्या ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांत सरावासाठी मी चिडलेलं गिऱ्हाईक बनते आणि त्यांची सेल्सची मुलं मला समजावतात. सगळ्यांची खोड एकच: मी तक्रार पूर्ण करायच्या आत उत्तर सुरू. विंगेतल्याने वर लिहिलंय तेच. मग मी त्यांना इम्प्रोव्हायझेशनचा जुना सराव देते: समोरच्याचं शेवटचं वाक्य आधी स्वतः म्हणायचं, मगच बोलायचं. आधी हसतात. दुपारनंतर हसत नाहीत.

वाशी, डबिंग

थोडक्यात लिहिते. डबिंगला ओठ जुळवणं महिन्याभरात जमतं. मराठी शब्द पटकन बदलून बसवणं जमायला वाचन लागतं. स्टुडिओत माझ्याइतक्याच चांगल्या आवाजाच्या मुली असतात, पण ‘हे वाक्य लांब पडतंय, असं म्हणू का?’ हे विचारणारी परत बोलावली जाते.

नौपाडा, सीए

नटांना एक विनंती. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून घेतात, तो ‘गेला’ असं समजू नका. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. माझ्याकडे येणारी बरीच मुलं दोन-तीन वर्षं विवरणपत्रच भरत नाहीत. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की सेवांसाठी जीएसटी नोंदणी, मग तो नट असो वा सल्लागार.

बोलायची भीती असणाऱ्यांसाठी: टोस्टमास्टर्सचे क्लब ठाण्यातही आहेत, नवी मुंबईतही. तिथे एक जण फक्त तुमचे ‘अं... अं...’ मोजायला बसतो. मी गेलो तो गिऱ्हाइकांशी फीबद्दल बोलताना अडखळायचो म्हणून. धंद्यातल्या ओळखींसाठी माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे, मराठी उद्योजकांचा. भाचीने एखाद्या बैठकीला पाहुणी म्हणून जाऊन बघावं.

धागाकर्ता

ताईला सगळं वाचून दाखवलं. भाचा म्हणतो, प्रॉम्प्टिंग करायला कोण घेईल ते सांगा. भाची काहीच बोलली नाही, पण काकूंना विचारते आहे की मजुरी तासावर धरता की किलोवर?

नेरुळची काकू

चकलीला तासावर, लाडवाला किलोवर. चकलीची सोऱ्याशी झटापट असते, तिथे किलोवर धरलं तर मरशील.

विंगेतला

भाच्याला म्हणावं राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघांच्या तालमींना जा. तालमीला वेळेवर येणारा माणूस त्यांना नेहमीच कमी असतो. सतरंजी झाडायची तयारी ठेव.